एमएच ३७० : बेपत्ता विमानाच्या स्थानाविषयीचे दावे आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना :

दि. ८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४२ मिनिटांनी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान क्वालालंपूर येथून बीजिंगकडे निघाले. बोइंग ७७७ जातीच्या या विमानात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी असे एकूण २३९ जण होते. प्रवाशांत चिनी नागरिकांची संख्या सर्वाधिक होती. पाच प्रवासी भारतीय होते व त्यांपैकी काही जण महाराष्ट्रातील होते. उड्डाणानंतर सुमारे चाळीस मिनिटांनी, मलेशिया व व्हिएतनाम यांच्या हवाई हद्दींच्या सीमेवर, विमानाची खूण नागरी रडारवरून नाहीशी झाली. त्यानंतर विमानाशी कोणाचेही बोलणे झाले नाही.

या घटनेला एका तपाहून अधिक काळ लोटत असताना तिच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे लेखन 'विमान का नाहीसे झाले' या प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत निबंधाचा विषय त्याहून मर्यादित आहे. 'विमान अमुक ठिकाणी आहे' असे जे दावे २०१४ पासून वेळोवेळी करण्यात आले, त्यांचा कालक्रमाने आढावा घेणे आणि इतिहास संशोधनातील साधनचिकित्सेच्या कसोट्यांवर ते तपासणे, एवढाच या निबंधाचा हेतू आहे. मराठी वाचकांस ही पद्धती अपरिचित नाही. वा. सी. बेंद्रे यांनी १९२८ मध्ये आपल्या ग्रंथाला 'साधन-चिकित्सा' असेच नाव दिले होते. कागद अस्सल आहे काय, तो केव्हाचा आहे, तो कोणी व कशासाठी लिहिला, त्यात जे सांगितले आहे ते सांगणाऱ्याला ठाऊक असणे शक्य होते काय, हे प्रश्न जुन्या पत्राला विचारावयाचे असतात. तेच प्रश्न उपग्रहाच्या छायाचित्राला आणि समुद्रातून आलेल्या ध्वनीलाही विचारता येतात.

पहिल्या आठवड्यातील दावे :

विमान नाहीसे झाल्यावर प्रारंभीचा शोध दक्षिण चीन समुद्रात सुरू झाला. पहिल्याच दिवशी व्हिएतनामच्या विमानांना पाण्यावर तेलाचे लांब तवंग दिसले. तपासणीनंतर ते विमानाचे इंधन नसल्याचे स्पष्ट झाले. १२ मार्च रोजी एका चिनी शासकीय संस्थेने तीन तरंगत्या वस्तूंची उपग्रह-छायाचित्रे प्रसिद्ध केली. शोधविमाने त्या ठिकाणी जाऊन रिकाम्या हाताने परतली आणि ती छायाचित्रे चुकून प्रसिद्ध झाल्याचे दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले.

याच काळात मलेशियाच्या लष्करी रडारवरील नोंद मात्र निराळेच सांगत होती. विमानाने मूळ मार्ग सोडला, ते मलय द्वीपकल्प ओलांडून पश्चिमेस गेले आणि पहाटे २ वाजून २२ मिनिटांनी मलाक्काच्या सामुद्रधुनीपलीकडे, अंदमान समुद्राच्या दिशेने जात असताना रडारच्या टप्प्याबाहेर गेले, असे या नोंदीवरून दिसते. १५ मार्च रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमान हेतुपुरस्सर वळविले गेल्याचे जाहीर केले आणि दक्षिण चीन समुद्रातील शोध थांबविण्यात आला. ज्या समुद्रात विमान नव्हते तेथे एक आठवडा खर्ची पडला होता. साधन हाती असूनही ते वेळेवर वाचले गेले नाही, तर त्याची जागा अफवा घेतात, हे या पहिल्या आठवड्यावरून दिसून येते.

उपग्रहनोंदी : अजाणता राहिलेला पुरावा

विमानाच्या शोधाला खरी दिशा मिळाली ती हिंदी महासागरावरील इनमारसॅट कंपनीच्या उपग्रहाच्या नोंदींमुळे. विमानातील संदेशयंत्रणा त्या रात्री २ वाजून २५ मिनिटांनी उपग्रहाशी पुन्हा जोडली गेली. त्यानंतर ठराविक अंतराने उपग्रहयंत्रणेने 'जोडणी कायम आहे काय' अशी आपोआप विचारणा केली आणि विमानाने तिला उत्तर दिले. सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी विमानाकडून शेवटचा संदेश आला. ९ वाजून १५ मिनिटांच्या विचारणेला उत्तर मिळाले नाही. अर्थात, नागरी रडारवरून नाहीसे झाल्यावरही सुमारे सात तास विमान हवेत होते.

या नोंदीत विमानाचे स्थान नव्हते. संदेश जाऊन येण्यास लागलेला वेळ आणि त्याच्या वारंवारितेतील सूक्ष्म फरक एवढ्याच दोन गोष्टी तीत होत्या. वेळेवरून उपग्रह आणि विमान यांमधील अंतर काढता येते, दिशा काढता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीतून नकाशावर एक बिंदू न मिळता एक वर्तुळकंस मिळतो. शेवटच्या संदेशाचा कंस 'सातवा कंस' म्हणून ओळखला जातो. विमान उत्तरेस मध्य आशियाकडे गेले की दक्षिणेस महासागराकडे, याचा निर्णय वारंवारितेतील फरकावरून झाला. उपग्रह आपल्या जागी अगदी स्थिर नसून किंचित उत्तर-दक्षिण सरकत असल्यामुळे दोन्ही दिशांचे आकडे वेगळे येतात. त्या आधारावर २४ मार्च रोजी विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे जाहीर करण्यात आले.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ही नोंद विमान शोधण्यासाठी ठेवलेली नव्हती. संदेशाच्या वेळेचा तपशील जपून ठेवण्याची व्यवस्थाही १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या अनुभवानंतर करण्यात आली होती. जमाखर्चाच्या वहीतून एखाद्या काळाचे बाजारभाव कळावेत, पण ती वही लिहिणाऱ्याच्या मनात इतिहास नसावा, तशाच स्वरूपाचा हा पुरावा होय. कोणाला काही पटवून देण्यासाठी तो निर्माण झालेला नाही, हेच त्याचे बळ आहे. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तो एक रेषा देतो, स्थळ देत नाही. पुढील बहुतेक सर्व वाद या रेषेचे बिंदूत रूपांतर करण्याच्या प्रयत्नातून निर्माण झाले.

ध्वनिसंकेतांचा दावा :

अशा वादातील पहिला मोठा प्रसंग एप्रिल २०१४ चा. विमानातील नोंदयंत्रांना जोडलेले ध्वनिप्रक्षेपक पाण्यात सुमारे तीस दिवस संकेत देतात. म्हणजे त्यांची मुदत ७ एप्रिलच्या सुमारास संपणार होती. ५ एप्रिलपासूनच्या काही दिवसांत एका चिनी गस्ती जहाजाने आणि ऑस्ट्रेलियाच्या 'ओशन शील्ड' या जहाजाने असे संकेत ऐकल्याचे सांगितले. ११ एप्रिल रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांनी नोंदयंत्रांचे स्थान काही किलोमीटरच्या आत निश्चित झाल्याचा विश्वास व्यक्त केला.

प्रक्षेपकाची ठरलेली वारंवारिता ३७.५ किलोहर्ट्झ असते. 'ओशन शील्ड'ने टिपलेला संकेत ३३ किलोहर्ट्झच्या आसपासचा होता. हा फरक समुद्राची खोली किंवा क्षीण झालेली बॅटरी यांवर लोटण्यात आला. त्यानंतर 'ब्लूफिन-२१' या स्वयंचलित पाणबुडीने सुमारे ८५० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासला. तेथे काहीही आढळले नाही आणि २९ मे रोजी तो भाग शोधातून वगळण्यात आला. पुढे मार्च २०१५ च्या अंतरिम अहवालातून आणखी एक गोष्ट उघड झाली. दोन नोंदयंत्रांपैकी एकाच्या प्रक्षेपकाच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपलेली होती.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने हा प्रसंग उद्बोधक आहे. येथे दावा करणारे अप्रामाणिक नव्हते, साधनसामग्रीही उत्तम होती. परंतु संकेत मिळावा अशी तीव्र अपेक्षा होती, मुदत संपत आली होती आणि न जुळणाऱ्या आकड्याला स्पष्टीकरण शोधण्यात आले. अपेक्षित उत्तर देणाऱ्या कागदाची तपासणी अधिक कठोरपणे करावयाची असते, या नियमाचा येथे विसर पडला.

एप्रिल २०१४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील एका सर्वेक्षण कंपनीने विमानाचे अवशेष बंगालच्या उपसागरात, बांगलादेशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटर दक्षिणेस, असल्याचे म्हटले. सातव्या कंसाच्या दक्षिण भागाशी या स्थानाचा काहीच मेळ बसत नव्हता. तरीही बांगलादेशाच्या नौदलाने जहाजे पाठवून पाहणी केली. तेथेही काही मिळाले नाही.

समुद्राने परत केलेले अवशेष :

२९ जुलै २०१५ रोजी हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर पंखाचा एक हलता भाग, म्हणजे फ्लॅपेरॉन, किनाऱ्यास लागला. काही दिवसांतच मलेशियाच्या पंतप्रधानांनी तो एमएच ३७० चाच असल्याचे निःसंदिग्धपणे घोषित केले. त्याच वेळी फ्रान्सच्या न्यायाधिकाऱ्यांनी मात्र 'अत्यंत प्रबळ शक्यता' एवढेच शब्द वापरले. भागाच्या आत आढळलेल्या एका क्रमांकाची स्पेनमधील निर्मात्याच्या नोंदीशी खात्री पटल्यावर, ३ सप्टेंबर रोजी त्यांनी निश्चित विधान केले. दोन्ही विधाने अखेरीस एकच ठरली. तथापि त्यांतील पहिले विधान घोषणा होते, तर दुसरे सिद्ध झालेले विधान होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हा भेद मोलाचा वाटावा.

पुढे टांझानियाच्या पेम्बा बेटावर आणि मॉरिशस येथे मिळालेले पंखाचे भागही या विमानाचेच असल्याचे निश्चित झाले. मोझांबिक, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर येथे मिळालेल्या अन्य काही तुकड्यांबाबत तपासयंत्रणांनी 'जवळजवळ निश्चित', 'बहुधा' असे वेगवेगळे दर्जे दिले. या अवशेषांनी विमान उत्तरेकडे गेल्याचे, ते एखाद्या तळावर उतरविल्याचे किंवा ते कंबोडियाच्या जंगलात असल्याचे दावे निराधार ठरविले. पेम्बा येथील भागाच्या तपासणीवरून तो तुटताना बहुधा मिटलेल्या स्थितीत होता असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने काढला. विमान नियंत्रितपणे पाण्यावर उतरविले गेले असावे, या मताला त्यामुळे धक्का बसला. हे मत मान्य केल्यास विमान कंसापासून बरेच दूर तरंगत गेले असण्याची शक्यता वाढते. म्हणून या एका भागाचा संबंध थेट शोधक्षेत्राच्या रुंदीशी येत होता.

'निश्चित स्थळ' या अटीचा परिणाम :

ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली सुमारे १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळाचा शोध घेण्यात आला. १७ जानेवारी २०१७ रोजी तो स्थगित झाला. जुलै २०१६ मध्येच मलेशिया, चीन व ऑस्ट्रेलिया यांच्या मंत्र्यांनी एक अट घातली होती. विमानाचे निश्चित स्थळ दाखविणारा विश्वासार्ह नवा पुरावा मिळाल्याखेरीज शोध पुढे चालणार नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये तज्ज्ञांनी आतापर्यंतच्या शोधक्षेत्राच्या उत्तरेस सुमारे २५,००० चौरस किलोमीटरचे नवे क्षेत्र सुचविले. सागरी प्रवाहांच्या अभ्यासातून आणि खऱ्या फ्लॅपेरॉनच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगातून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये त्यास दुजोरा दिला. परंतु क्षेत्र म्हणजे 'निश्चित स्थळ' नव्हे, या कारणास्तव शासनांनी शोध पुढे नेला नाही.

या अटीचा एक परिणाम विचारात घेण्यासारखा आहे. पुरावा रेषा देत होता, फार तर एक पट्टा देत होता. मागणी मात्र बिंदूची होती. त्यामुळे अनिश्चिततेसह मांडलेले प्रामाणिक अनुमान अपुरे ठरले आणि नेमका अक्षांश-रेखांश सांगणाऱ्या दाव्यांना महत्त्व आले. मार्च २०१८ मध्ये मॉरिशसनजीकच्या राऊंड आयलंडजवळ विमान दिसत असल्याचा दावा उपग्रह-छायाचित्राच्या आधारे करण्यात आला. ते छायाचित्र २००९ सालचे, म्हणजे विमान नाहीसे होण्यापूर्वी चार वर्षांहून अधिक आधीचे, असल्याचे वाहतूक सुरक्षा ब्युरोने दाखवून दिले. कागदाचा काळ आधी ठरवावा, या प्राथमिक कसोटीवरच हा दावा कोसळला.

२०२१ च्या अखेरीस ब्रिटिश अभियंते रिचर्ड गॉडफ्रे यांनी अधिक परिश्रमपूर्वक केलेला दावा मांडला. हौशी रेडिओचालकांच्या क्षीण संकेतांच्या जुन्या नोंदींमध्ये विमानामुळे झालेले बदल ओळखता येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावरून त्यांनी पर्थच्या पश्चिमेस सुमारे १,९३३ किलोमीटरवर, सुमारे ४,००० मीटर खोलीवर स्थान दाखविले. ही संकेतपद्धती निर्माण करणारे नोबेलप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी मात्र अशा नोंदींवरून विमानाचा माग काढता येईल हे मान्य केले नाही. २०२२ मध्ये वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या विनंतीवरून जिओसायन्स ऑस्ट्रेलिया या संस्थेने त्या परिसरातील जुन्या सोनारनोंदी पुन्हा वाचल्या. तपासलेल्या क्षेत्रात विमानाचे अवशेष असण्याची शक्यता फारच कमी असल्याचा निर्वाळा तिने दिला. २०२४ मध्ये टास्मानियातील संशोधक व्हिन्सेंट लाइन यांनी ब्रोकन रिज या सागरी पर्वतरांगेजवळील सुमारे ६,००० मीटर खोल गर्तेत विमान असल्याचे मांडले. विमान मुद्दाम तेथे नेले गेले, या गृहीतावर त्यांचा दावा उभा आहे. मात्र मलेशियाच्या जुलै २०१८ च्या अहवालास विमान नाहीसे होण्याचे कारण निश्चित करता आले नव्हते. ज्या हेतूचा पुरावा नाही, त्या हेतूवरून स्थळ ठरविण्यात मूलतःच धोका असतो. मृत वैमानिकावर ठपका ठेवणारी अनेक विधाने याच वाटेने पुढे आली आहेत.

दोन तुलना :

एअर फ्रान्सच्या ज्या विमानाचा उल्लेख वर आला आहे, त्यात २२८ जण मृत्युमुखी पडले. मे २०१० मध्ये फ्रान्सच्या नौदलाने ध्वनिनोंदींच्या फेरतपासणीवरून नोंदयंत्रांचे क्षेत्र निश्चित झाल्याचे जाहीर केले होते. तेथे काहीच मिळाले नाही. त्यानंतर तोवरची सर्व माहिती, अपयशी शोधांसह, संभाव्यतेच्या गणिताने पुन्हा मांडण्यात आली आणि एप्रिल २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सापडले. भारतातील उदाहरण भारतीय वायुदलाच्या एएन-३२ विमानाचे आहे. २२ जुलै २०१६ रोजी २९ जणांसह तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे जाताना ते बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने सुमारे ३,४०० मीटर खोलीवर टिपलेल्या छायाचित्रांत त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये ओळखले गेले. दोन्ही ठिकाणी प्रश्न सुटला तो तळापर्यंत जाऊन केलेल्या पडताळणीमुळे.

एमएच ३७० च्या बाबतीतही पडताळणीचे प्रयत्न झाले आहेत. ओशन इन्फिनिटी या कंपनीने २०१८ मध्ये, 'सापडले तरच मोबदला' या अटीवर, १,१२,००० चौरस किलोमीटरहून अधिक तळ तपासला. मार्च २०२५ मध्ये मलेशियाने त्याच तत्त्वावर १५,००० चौरस किलोमीटरच्या नव्या क्षेत्रासाठी सात कोटी डॉलरच्या करारास मंजुरी दिली. हवामानामुळे त्या वर्षी एप्रिलमध्ये काम थांबले आणि ३० डिसेंबर २०२५ पासून ते पुन्हा सुरू होईल, असे डिसेंबरमध्ये घोषित करण्यात आले.

समारोप व निष्कर्ष :

या सर्व दाव्यांच्या मुळाशी २३९ जणांच्या कुटुंबांचे दुःख आहे, हे विसरता येत नाही. २९ जानेवारी २०१५ रोजी मलेशियाने ही घटना अपघात म्हणून घोषित केली आणि विमानातील सर्वांना मृत मानण्यात आले. कायद्याने मृत्यू मान्य झाला, परंतु अंत्यसंस्कार करावयास काहीच हाती आले नाही. प्रत्येक नवा दावा अशा घरांत पुन्हा आशा निर्माण करतो आणि तो फोल ठरल्यावर तेच दुःख पुन्हा भोगावे लागते. म्हणून स्थळाविषयीचा दावा ही केवळ बौद्धिक बाब राहत नाही. तो करणाऱ्यावर नैतिक जबाबदारी येते. उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. टिकून राहिलेला पुरावा, म्हणजे रडारनोंद, उपग्रहनोंद आणि वाहून आलेले अवशेष, विमानाचे स्थळ सिद्ध करण्याच्या हेतूने निर्माण झालेला नव्हता. फोल ठरलेले बहुतेक दावे अपेक्षित उत्तर मनात ठेवून साधनांकडे वळलेले दिसतात.

२. नेमकेपणा म्हणजे सत्यता नव्हे. साधन जेवढे सांगते त्याहून अधिक नेमके स्थळ सांगणारा दावा अधिक कठोरपणे तपासला पाहिजे.

३. दावा करणाऱ्याचे पद, पदवी अथवा परिश्रम यांवरून दाव्याची सत्यता ठरत नाही. पंतप्रधानांचे विधान चुकीचे ठरू शकते. आपला दावा कोणत्या पाहणीने खोटा ठरेल, हे दावेदाराने आधी सांगावे, ही अपेक्षा सर्वांना सारखीच लागू होते.

४. 'येथे विमान नाही' हेही ज्ञानच आहे. तपासलेले दोन लाखांहून अधिक चौरस किलोमीटर हा व्यर्थ गेलेला शोध नसून पुढील संशोधकासाठी ठेवलेले दप्तर आहे. ते जपले गेले म्हणूनच २०२२ मध्ये एका दाव्याची शहानिशा नवे जहाज न पाठवता करता आली.

दक्षिण हिंदी महासागराच्या तळाशी सत्य कोठेतरी स्थिर पडून आहे. ते हाती येईपर्यंत साधनाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलणे, हा संशोधनाचा नियम आहे आणि प्रतीक्षेत असलेल्या कुटुंबांविषयीचा आदरही त्यातच आहे.